विश्वास बोलायचा कसा आणि जगायचा कसा

बऱ्याच विश्वासणाऱ्यांची अडचण एकच असते. येशूवर प्रेम आहे, प्रार्थना रोज होते, रविवारची उपासना चुकत नाही, पण ऑफिसात किंवा शेजारी कोणी सहज विचारलं की "तू हे सगळं का मानतेस गं?" तर तोंडातून शब्द फुटत नाही. आणि दुसरे असे की त्यांच्याकडे शब्द भरपूर, वचनं तोंडपाठ, कोणी भेटलं की सुरू, पण त्यांच्या घरातल्यांना विचारलं तर ती माणसं विषय बदलतात. मी हे दोघांसाठीही लिहितेय, कारण माझ्या मते दोघांचा इलाज एकच आहे, जेवढं जगतो तेवढंच बोलायचं आणि जे जगतो ते कोणी विचारल्यावर लपवायचं नाही.

1 पेत्र 3:15 सगळ्यांना माहिती असतं. तुमच्यात जी आशा आहे तिचं कारण कोणी विचारलं तर उत्तर द्यायला कायम तयार रहा, आणि सौम्यपणे, आदराने द्या, असं पेत्र सांगतो. आपण यातलं "तयार रहा" तेवढं उचलतो आणि वचनं पाठ करायला लागतो. पण जरा थांबून वाचा, इथे कोणीतरी आधी विचारतंय. ज्यांना हे पत्र लिहिलं ते विखुरलेले, त्रास सोसणारे लोक होते, आणि तशा हालातही यांच्याकडे आशा कुठून येते हे बघणाऱ्यांना कळत नव्हतं म्हणून ते विचारणार होते. म्हणजे आधी काहीतरी दिसायला हवं, आणि दिसल्यावर कोणी विचारलं तर बोलायलाही हवं, यातलं एक सोडून दुसरं होत नाही.

"शब्दांची गरजच काय, चांगलं वागलं की झालं" असं म्हणणारेही खूप भेटतात आणि त्यासाठी ते असिसीच्या संत फ्रान्सिसच्या नावावर एक वाक्य सांगतात, की सुवार्ता सांगत रहा आणि गरज पडली तरच शब्द वापरा. हे वाक्य फ्रान्सिसच्या कुठल्याही लिखाणात सापडत नाही. आपल्या संन्यासी संघासाठी त्याने केलेल्या 1221 च्या नियमावलीत एवढं आहे की सगळ्या बंधूंनी आपल्या कृतीने उपदेश करावा, पण तो स्वतः गावोगावी फिरून तोंडानेही उपदेश करतच होता. रोमकरांस पत्राच्या 10 व्या अध्यायात पौल सरळ विचारतो की ज्याच्याबद्दल ऐकलंच नाही त्याच्यावर विश्वास कसा ठेवणार? आणि याकोब दुसऱ्या बाजूने पकडतो (2:15-16), एखाद्याला अंगावर कपडा नाही, पोटाला अन्न नाही आणि तुम्ही त्याला "जा, ऊब घे, पोटभर खा" एवढंच म्हणालात तर काय उपयोग? दोघांचं ऐकायचं असेल तर कुठून सुरुवात करायची ते आता सांगते.

सुरुवात घरातून

बाहेरच्यांना आपण तासभर दिसतो, घरच्यांना चोवीस तास. त्यामुळे पहिली परीक्षा तिथेच. याकोब 3:9-10 मध्ये तो म्हणतो की याच तोंडाने आपण देवाचा धन्यवाद करतो आणि याच तोंडाने देवाच्या प्रतिरूपात घडलेल्या माणसाला शिव्या देतो, हे असं व्हायला नको. आता हे कुठे तपासायचं? उपासनेनंतर घरी परतताना. तिथे काय बोलणं होतं ते एकदा लक्ष देऊन ऐका, उपदेश लांबला, गाणं बेसूर होतं, अमका तमका आला नव्हता, तमकी काय घालून आली होती, आणि मागे मुलं बसलेली सगळं ऐकतायत. मुलं विश्वास शिकतात तो तिथून, उपदेशातून नंतर. त्यामुळे पहिला अगदी छोटा बदल हा करा की त्या परतीच्या वाटेवर ऐकलेल्यातली एक गोष्ट, जी स्वतःला लागली, तेवढी बोला. "आज क्षमेबद्दल बोलले ना, मला माझ्या बहिणीची आठवण आली, मी तिला फोन करायला हवा." बास. आणि मग खरंच फोन करा, मुलांसमोर.

दुसरी गोष्ट माफी मागणं, आणि इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे कारण ख्रिस्ती माणसाच्या हातात सगळ्यात स्पष्ट साक्ष हीच आहे आणि आपण सगळ्यात जास्त टाळतो तीही हीच. आपला विश्वासच मुळात सांगतो की आपण पापी आहोत आणि आपल्याला क्षमा मिळाली, मग घरात "माझं चुकलं" म्हणायला जीभ का जड होते? मत्तय 5:23-24 मध्ये येशू म्हणतो, वेदीजवळ अर्पण घेऊन आलास आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. ऐकणारे लोक गालीलात होते आणि वेदी होती यरुशलेममध्ये, म्हणजे तीन-चार दिवसांची पायपीट करून तिथे पोहोचायचं आणि मग पुन्हा उलटं घरी यायचं, भावाशी बोलायचं, परत जायचं. एवढा खटाटोप करण्याइतकं हे येशूला महत्त्वाचं वाटलं.

माफी मागायची कशी? नाव घेऊन, नेमकं काय केलं ते सांगून, आणि "पण" न लावता. "सॉरी, पण तू पण तसंच बोललीस ना" ही माफी नव्हे, ते नवीन भांडण आहे. "तुला बरं वाटलं नसेल तर सॉरी" ही सुद्धा नव्हे. असं म्हणा, "काल सगळ्यांसमोर मी तुझ्यावर ओरडले, तू काही केलं नव्हतंस, माझं दुसऱ्याच गोष्टीचं टेन्शन होतं आणि मी ते तुझ्यावर काढलं, चुकलं माझं, मला माफ कर." मग गप्प बसा. समोरच्याने लगेच माफ केलंच पाहिजे असा आग्रह धरू नका, "देवाने मला माफ केलंय, तू पण कर" असं तर अजिबात म्हणू नका, ते फार लागतं. आणि लहान मुलाचीही अशीच माफी मागायची, खाली बसून, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर. आईबाबासुद्धा देवाच्या नियमाखालीच आहेत हे मुलाला दुसऱ्या कुठल्या मार्गाने समजणार?

तोंडाला लागलेल्या काही सवयी

विश्वासणाऱ्यांमध्ये एक गोष्ट चालते जी मला मनापासून खटकते. "प्रार्थनेसाठी सांगतेय हं, कोणाला बोलू नकोस" असं म्हणून कोणाच्या तरी घरातली भानगड पुढे सरकवली जाते. नवरा-बायकोचं पटत नाही, मुलगी कोणाबरोबर फिरते, कोणाला कर्ज झालंय, सगळं प्रार्थनेच्या नावाखाली, आणि संध्याकाळपर्यंत ते अख्ख्या ग्रुपला माहिती असतं. ही चुगलीच आहे, तिला प्रार्थनेचा विषय म्हटलं म्हणून ती पवित्र होत नाही. नियम सोपा ठेवा. ज्याची गोष्ट आहे त्याला विचारल्याशिवाय त्याचा विषय कुठेही मांडायचा नाही, आणि कोणी तुम्हाला असं सांगायला लागलं तर मधेच म्हणा, "थांब, आपण आत्ताच तिच्यासाठी प्रार्थना करू, बाकीचं मला नको सांगूस." बहुतेक वेळा पुढची गोष्ट तिथेच थांबते.

दुसरं म्हणजे "तुमच्यासाठी प्रार्थना करते" हे वाक्य. आपण ते निरोप घेतल्यासारखं म्हणतो आणि विसरून जातो. येशूने सांगितलंय की तुमचं होय ते होय असावं आणि नाही ते नाही (मत्तय 5:37), मग हे वाक्य बोललो की ते वचन झालं. मी तरी असं करते की शक्य असेल तर तिथल्या तिथे, फोनवर असले तर फोनवरच, दोन वाक्यांची प्रार्थना करून घेते. जमणार नसेल तर वहीत नाव लिहायचं आणि काही दिवसांनी एक मेसेज, "तुझा रिपोर्ट आला का गं? मी प्रार्थना करतेय." माणसाला कळतं की हिने खरंच लक्षात ठेवलं, आणि देवही आपल्याला लक्षात ठेवतो ही गोष्ट त्यानंतर ऐकायला जरा सोपी जाते.

आणि ऐकणं. नीतिसूत्रे 18:13 म्हणतं की पुरतं ऐकून घेण्याआधीच उत्तर देणं हा मूर्खपणा आहे. आपण मात्र समोरचा बोलत असताना डोक्यात वचन शोधत असतो.

साक्ष कशी सांगायची

साक्ष म्हटलं की लोकांना वाटतं आपली गोष्ट काहीतरी जबरदस्त असायला हवी, दारू सुटली, अपघातातून वाचलो, असाध्य आजार बरा झाला. ज्यांचं तसं काही घडलेलं नसतं ते गप्प बसतात. पण शास्त्रातल्या साक्षी बघा किती छोट्या आहेत. योहान 9 मधला जन्मापासून आंधळा असलेला माणूस, त्याला शिकलेसवरलेले लोक उलटसुलट विचारतात आणि तो म्हणतो की बाकीचं मला ठाऊक नाही, एक ठाऊक आहे, मी आंधळा होतो आणि आता मला दिसतं. योहान 4 मधली शोमरोनी बाई, घागर तिथेच टाकून गावात जाते आणि लोकांना म्हणते चला बघा, हाच ख्रिस्त असेल का? तिने पक्कं उत्तरही दिलं नाही, प्रश्न विचारला. आणि मार्क 5 मध्ये ज्याची भुतं येशूने काढली तो माणूस येशूबरोबर यायला निघतो तर येशू त्याला सोबत घेत नाही, म्हणतो तुझ्या घरी, तुझ्या माणसांकडे जा आणि प्रभूने तुझ्यासाठी काय केलं ते सांग.

तर बसा आणि लिहून काढा. तीन गोष्टी पुरतात, आधी मनाची काय अवस्था होती, येशूची ओळख कशी झाली किंवा विश्वास कधी स्वतःचा झाला, आणि आता नेमकं काय वेगळं आहे. चौथी मी आवर्जून घालायला सांगते, अजून काय बदललेलं नाही. हे सांगितलं की ऐकणाऱ्याचा तुमच्यावर विश्वास बसतो, कारण त्याला माहितीच असतं की तुम्ही देवदूत नाही. ख्रिस्ती घरात जन्मलेल्या आणि मोठं नाट्य न घडलेल्या माणसाची साक्ष साधारण अशी होऊ शकते:

"मी लहानपणापासून चर्चमध्ये जायचे, सगळं पाठ होतं, पण देव म्हणजे चुका मोजणारा कोणीतरी असंच वाटायचं. मार्क कमी पडले की पहिली भीती त्याची वाटायची. मग एका वर्षी घरात खूप वाईट दिवस आले आणि मी प्रार्थनेत पहिल्यांदा पाठ केलेलं सोडून रडून बोलले. परिस्थिती लगेच बदलली नाही. पण कोणीतरी ऐकतंय हे मला इतकं पक्कं जाणवलं की तेव्हापासून मी लूकचं शुभवर्तमान नीट वाचायला लागले, आणि हरवलेल्या मुलाचा बाप धावत जातो तिथे मला समजलं की मी ज्या देवाला घाबरत होते तो हा नव्हेच. अजूनही मला काळजी करायची सवय आहे, रात्री झोप उडते. पण आता त्या वेळी मी एकटी नसते."

दोन मिनिटांत संपतं. मोठ्याने वाचून बघा, जिथे उपदेश सुरू होईल तिथे कापा. चर्चमधली भाषाही कमी करा, "ओझं आलं", "अभिषेक झाला", "रक्ताने धुतले गेले" हे आपल्यात अर्थपूर्ण आहे, पण ज्याने कधी ऐकलं नाही तो बिचारा गोंधळतो, आणि विचारायलाही लाजतो. "येशू माझ्या पापांसाठी मेला, म्हणून मला क्षमा मिळाली असं मी मानते" हे सरळ सांगितलं की कळतं.

दोन गोष्टी मात्र कटाक्षाने पाळा. एक, वाढवून सांगू नका. औषधाने बरं वाटलं असेल तर औषधाचंही नाव घ्या, देवाला आपल्या खोट्याची गरज नाही, आणि "प्रार्थना केली आणि गोळ्या बंद केल्या" असलं काही ऐकून कोणी खरंच गोळ्या बंद केल्या तर ते आपल्या माथी येईल. दोन, दुसऱ्याच्या श्रद्धेला नावं ठेवून स्वतःची मोठी करू नका. पौल अथेनैत, म्हणजे अथेन्स शहरात, गेला तेव्हा गावभर मूर्ती बघून त्याला आतून अस्वस्थ वाटलं असं प्रेषितांची कृत्ये 17:16 मध्ये लिहिलंय, पण बोलायला उभा राहिल्यावर त्याने त्यांची टिंगल केली नाही. त्याने त्यांच्या गावातली "अज्ञात देवाला" वाहिलेली वेदी पाहून ठेवली होती, तिथून सुरुवात केली, त्यांच्याच कवींचं वचन सांगितलं. आणि तरीही काहींनी थट्टा केली, काही म्हणाले पुन्हा कधीतरी ऐकू, थोड्यांनी विश्वास ठेवला. पौलासारख्याचं असं, तर आपण एका बोलण्यात सगळ्यांचं मन वळेल ही अपेक्षा का करावी?

प्रश्न विचारायला शिका, हेही यातच येतं. फिलिप्प त्या कूशी अधिकाऱ्याच्या रथाजवळ गेला तेव्हा त्याने आधी एवढंच विचारलं, वाचताय ते समजतंय का? (कृत्ये 8:30). तो माणूस यशया वाचत होता, फिलिप्पाने तिथूनच पुढे येशूबद्दल सांगितलं. समोरचा ज्या पानावर आहे तिथून.

कोणी दुःखात असताना

इथे विश्वासणारे सगळ्यात जास्त चुकतात, आणि तेही चांगल्या मनाने. कोणाचं मूल गेलंय आणि आपण म्हणतो "देवाची योजना असेल", "देवाला तो जास्त आवडला", "रडू नकोस, तो बऱ्या ठिकाणी आहे", "तुझा विश्वास वाढवण्यासाठी हे झालं". कृपा करून हे बोलू नका. मुलंबाळं गमावलेल्या ईयोबाचे तीन मित्र आले तेव्हा ते सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, कोणी एक शब्द बोललं नाही, आणि त्यांनी केलेली तेवढीच गोष्ट बरोबर होती. तोंड उघडून कारणं सांगायला लागले तिथून बिघडलं, आणि शेवटी देव त्यांच्यावर रागावला. येशूकडे बघा, मेलेल्या लाजराला आपण उठवणार आहोत हे त्याला ठाऊक होतं, तरी कबरेकडे जाताना तो रडला.

काय करायचं ते सांगते. जा, बसा, हात धरा. "मला काय बोलावं कळत नाहीये, पण मी इथे आहे" हे पुरेसं आहे. गेलेल्या माणसाचं नाव घ्या, लोक नाव घ्यायला घाबरतात आणि घरच्यांना तेच हवं असतं. आमच्या मंडळीतल्या एक मावशी आहेत, त्या कोणाच्या घरी प्रसंग घडला की अंत्यविधीला येतात, मागे उभ्या राहतात आणि जातात. मग पाहुणे पांगले, फोन यायचे थांबले, घर रिकामं झालं की त्या एका दुपारी पुन्हा येतात. काही विचारत नाहीत, सिंकमध्ये साचलेली भांडी घासायला घेतात, पुसून जागच्या जागी लावतात आणि मग हात पुसत विचारतात, "काल झोप लागली का?" मग त्या घरातली बाई बोलायला लागते. वचन त्या अगदी निघताना एखादं सांगतात, तेही कोणी मागितलं तर. मी साक्ष याला म्हणते.

आता कोणासाठी मोठ्याने प्रार्थना करायची असेल तर, विशेषतः तो माणूस ख्रिस्ती नसेल तर, आधी परवानगी घ्या. "मी येशूकडे तुमच्यासाठी प्रार्थना केली तर चालेल का? आत्ता इथे करू का घरी जाऊन करू?" दोन्ही पर्याय दिले की माणसाला नाही म्हणायला वाट राहते. तो म्हणाला "घरी करा", तर घरीच. हो म्हणाला तर विचारा, "देवाकडे काय मागू?" आणि तो जे म्हणेल तेच मागा, त्याचं नाव घेऊन, साध्या आवाजात, अर्ध्या मिनिटात. "प्रभू येशू, यांच्या आईचं उद्या ऑपरेशन आहे, यांना भीती वाटतेय. डॉक्टरांचे हात सांभाळ, आईला वेदना कमी होऊ देत, आणि आज रात्री यांना झोप लागू दे. आमेन." प्रार्थनेत उपदेश घुसवायचा नाही, "हे प्रभू, यांना कळू दे की तूच एकमेव मार्ग आहेस" असं डोळे मिटलेल्या माणसाच्या कानात सांगणं बरोबर नाही, तो बिचारा त्या क्षणी उठूनही जाऊ शकत नाही. वॉर्डात शेजारच्या खाटेवर पेशंट असेल तर आवाज अजून कमी.

मदत करताना

चांगल्या शोमरोन्याची गोष्ट (लूक 10) परत वाचा आणि त्याने नेमकं काय काय केलं ते बोटांवर मोजा. जवळ गेला, तेल आणि द्राक्षारस ओतून जखमा बांधल्या, स्वतःच्या जनावरावर बसवलं म्हणजे स्वतः चालला, उतारशाळेत नेलं, रात्रभर काळजी घेतली, दुसऱ्या दिवशी दोन दिनार काढून दिले, आणि म्हणाला जास्त खर्च झाला तर परत येताना देईन. दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, मत्तय 20 मधल्या द्राक्षमळ्याच्या दाखल्यात तोच दर ठरलेला आहे. म्हणजे दोन दिवसांची कमाई आणि पुन्हा यायचं वचन. नुसता कळवळा नव्हता, त्यात वेळ, पैसा, गैरसोय आणि पाठपुरावा सगळं होतं. आपल्या मदतीत बहुतेक पाठपुरावाच नसतो. पिशवी दिली, फोटो काढला, संपलं. एकदा दिल्यावर पंधरा दिवसांनी "काय झालं पुढे?" विचारणारा माणूस व्हा.

फोटोबद्दल आता बोललेच आहे तर, मत्तय 6:3 मध्ये उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये असं आहे. मदत घेणाऱ्याचा चेहरा फोटोत कधीच टाकू नका. संस्थेला हिशोब दाखवायचा असेल तर पावत्या दाखवा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, मदतीला अट नको. "आधी सभेला या, मग बघू" असं म्हटलं की ती मदत आमिष झाली. त्यातून जो "विश्वास" येतो तो विश्वास नसतो, आणि गरज असलेल्या माणसाचा त्यात अपमान होतो. येशूने दहा कुष्ठरोगी बरे केले, आभार मानायला परत आला एकच, बाकीच्या नऊ जणांचं बरं होणं त्याने काढून घेतलं नाही. सुरुवातीच्या मंडळ्यांनी हे इतकं चांगलं केलं की त्यांच्या विरोधकानेही नोंद करून ठेवली. रोमन सम्राट ज्युलियन, ज्याला जुन्या देवांची उपासना पुन्हा सुरू करायची होती, त्याने चौथ्या शतकात आपल्या एका पुजाऱ्याला पत्रात लिहिलं की हे गालीलकर, म्हणजे ख्रिस्ती लोक, त्यांच्या गरिबांनाच नाही तर आपल्याही गरिबांना पोसतात, आणि आपल्याकडून मात्र आपल्याच लोकांना काही मिळत नाही. तक्रार म्हणून लिहिलेली ओळ आहे ही, पण याहून मोठं प्रशस्तिपत्र मला तरी माहीत नाही.

ज्यांना वाटतं आपल्याकडे पैसा नाही, त्यांनी दुर्कस आठवावी. यापो गावची ही बाई, तबीथा हे तिचंच दुसरं नाव, कृत्ये 9. ती गेल्यावर विधवा रडत पेत्राला तिने शिवलेले अंगरखे आणि कपडे दाखवत होत्या. तिचा एकही उपदेश नोंदलेला नाही, सुईदोरा नोंदलेला आहे. तुम्हाला काय येतं? फॉर्म भरता येतो, गणित शिकवता येतं, गाडी चालवता येते, म्हाताऱ्या माणसाला दवाखान्यात सोबत करता येते. तेच.

पैसा आणि काम

इथे थोडक्यात सांगते पण हे कमी महत्त्वाचं नाही. तुमच्याकडे कामाला येणाऱ्यांचा पगार वेळेवर द्या. लेवीय 19:13 मध्ये मजुराची मजुरी रात्रभर सकाळपर्यंत स्वतःजवळ ठेवू नको असं स्पष्ट लिहिलंय, आणि याकोब 5:4 म्हणतं की अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ते ओरडणं देवाच्या कानी जातं. जो माणूस टेबलावर वचनाचं कॅलेंडर ठेवतो आणि मोलकरणीला चार दिवस उशिरा पैसे देतो त्याची साक्ष तिच्यापुरती संपली.

कोणाचं काही घेतलं असेल, फसवलं असेल, तर परत करा. जकात गोळा करणाऱ्या जक्कयाने येशूचं घरी स्वागत केलं आणि उभं राहून सांगितलं की अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याचं अन्यायाने घेतलं त्याला चौपट. त्याला कोणी हिशोब मागितला नव्हता. आणि पौल फिलेमोनाला पत्र लिहितो, त्याच्याकडून पळून गेलेल्या अनेसिम नावाच्या दासाला भाऊ म्हणून परत घे अशी विनंती करतो, आणि पुढे लिहितो की त्याचं काही देणं असेल तर माझ्या नावावर मांड, मी स्वतःच्या हाताने लिहितोय, मी फेडीन. पंचवीस वचनांचं एवढंसं पत्र, पण दोन भांडणाऱ्यांमध्ये समेट कसा घडवायचा हे शिकायचं असेल तर हेच वाचा, शब्दही आहेत आणि खिशात हातही घातलेला आहे.

ऑफिसात दुसऱ्याच्या कामाचं श्रेय घेऊ नका, खोटं बिल लावू नका, साहेब नसताना त्याची नक्कल करून हसवू नका. कोणी विचारलंच "तू का नाही लावत बिल, सगळेच लावतात", तर तिथे लाजू नका, "मी येशूला मानते, मला हे जमत नाही" एवढं एक वाक्य, आणि लगेच कामाला लागा, म्हणजे समोरच्याला आपण त्याचा न्याय करतोय असं वाटणार नाही.

फोनवर

नीतिसूत्रे 27:14 मध्ये एक गंमतीदार पण अगदी खरी गोष्ट आहे, पहाटे उठून शेजाऱ्याला मोठ्या आवाजात आशीर्वाद दिला तर तो शाप गणला जाईल. रोज पहाटे पाच वाजता पन्नास जणांना वचनाचा फोटो फॉरवर्ड करण्याआधी हे वाचा. त्याऐवजी आठवड्यातून एकाला, त्याची परिस्थिती आठवून, एक वचन स्वतः टाइप करून पाठवा आणि का पाठवलं ते एका ओळीत लिहा. आणि स्टेटसला प्रीतीचं वचन ठेवून दुसरीकडे कमेंटमध्ये कोणाची आईबहीण काढत असाल, तर लोक दोन्ही वाचतात.

उत्तर येत नसेल, किंवा समोरचा नाही म्हणाला तर

प्रश्न येतील, देव आहे तर लहान मुलं का मरतात, मग बाकीच्या धर्मांचं काय, चर्चमधलेच लोक असे का वागतात. येत नसेल तर "मला नाही माहीत, मीही यावर विचार करतेय" म्हणा, शोधा, पाळकांना विचारा, आणि परत जाऊन सांगा. चर्चच्या चुकांवर प्रश्न आला तर बचाव करू नका, चूक असेल तर चूक म्हणा. आणि तो म्हणाला की मला यात रस नाही, तर विषय सोडा. श्रीमंत तरुण येशूकडे आला होता, मार्क 10 मध्ये लिहिलंय की येशूने त्याच्याकडे पाहिलं आणि त्याच्यावर प्रीती केली, अवघड ते स्पष्ट सांगितलं, आणि तो खिन्न होऊन निघाला तेव्हा त्याला जाऊ दिलं. मागे धावून अट सैल केली नाही आणि शापही दिला नाही.

तुम्हाला जो नाही म्हणाला त्याच्याशी मैत्री होती तशीच ठेवा, बोलणं कमी करू नका, त्याला "प्रोजेक्ट" असल्यासारखं वागवू नका. पुढच्या आठवड्यात त्याच्या वडिलांची तपासणी असेल तर फोन करा, आणि त्या फोनवर फक्त वडिलांचीच चौकशी करा.